श्रीशैलचा फोटो

सोमशेखर बिराजदारच्या हातून कॅमेरा पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, पाय घसरला. स्टेजच्या पायऱ्यांवर पाकळ्या तुडवून चिखल झालेला, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. नवरीच्या मामानं दंडाला धरून उठवलं, कुणी पाणी आणलं, कुणी कॅमेऱ्याचे तुकडे गोळा करून पिशवीत घातले. सोमशेखर गुडघा चोळत म्हणत राहिला, “निसरडं लई झालंय की हितं.” पण पाय घसरला नव्हता. शेवटची पायरी त्याला दिसलीच नव्हती.

होटगी स्टेशनच्या गँगमनचा हा मुलगा. दहावी झाल्यावर सोलापुरात एका स्टुडिओच्या अंधारखोलीत रोल धुवायला लागला, पुढं मालकाच्या मागून लाइट धरून लग्नांना जायला लागला, आणि मग विजापूर रोडला स्वतःचं दुकान टाकलं. अक्कलकोटपासून पार इंडीपर्यंतची लग्नं त्यानं केली. त्याचं नाव झालं ते म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंवरून. फोटोला बसवलं की म्हातारी माणसं दगडासारखी होतात. सोमशेखर कॅमेरा खाली घ्यायचा, शेजारी बसायचा, कानडीत दोन शब्द टाकायचा. “नगू अज्जी,” म्हणायचा, हस की आजी, आणि आजी पदर तोंडाला लावायच्या आधीच खटका दाबलेला असायचा. अशा कितीतरी आज्या आज हार घातलेल्या फ्रेममधून आपापल्या घरात हसत आहेत.

साखरेचं दुखणं त्याला चाळिशीतच लागलं होतं आणि त्यानं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत गव्हाची गोड हुग्गी वाढली की तो खायचा, वर तूप मागायचा. नजर अधू व्हायला लागली तेव्हा आधी त्यानं चष्मा बदलला, मग चष्मेवाला बदलला. शेवटी बायको, राजेश्वरी, त्याला ओढून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी आत दिवा मारून बघितलं आणि सांगितलं की साखरेनं पडदा खराब केलाय, मधोमध सूज आहे, लेझर करू, इंजेक्शनं देऊ, पण गेलं ते सगळं परत येईल असं नाही. सोमशेखरला कडेचं दिसायचं. जिथं नेमकं बघायचं तिथंच कुणीतरी काचेवर तुपाचं बोट फिरवल्यासारखं व्हायचं.

“कुणाला बोलायचं न्हाय,” दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो राजेश्वरीला म्हणाला. “शिवयोगीला पण न्हाय.”

शिवयोगी म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्यात कंपनीत होता.

“त्याला कशाला लपवायचं?”

“त्याला सांगितलं की तो दुकान बंद करा म्हणणार. फोटोवाल्याला दिसत न्हाय म्हटल्यावर पुढं काय राहिलं सांग की.”

राजेश्वरीनं औषधांची चिठ्ठी पिशवीत घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्याच्या कुठल्या गोष्टी चालू द्यायच्या आणि कुठल्या तोडायच्या हे तिला कळत होतं. ही तिनं तोडायला हवी होती, असं तिला नंतर फार वाटलं.

तरी वर्षभर धकलं, कारण जुना कॅमेरा त्याला सांभाळून घेत होता. तो जड, मधल्या दर्जाचा डीएसएलआर होता, कुणाचा तरी वापरलेला घेतलेला. त्याच्या अंगातच मोटर होती. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक बारीक स्क्रू असतो, लेन्स बसवली की तो लेन्सच्या खाचेत जातो आणि लेन्स फिरवून चेहरा नीट आणतो. बटण अर्धं दाबलं की खर्रर्र असा आवाज व्हायचा आणि मग थांबायचा. तो आवाज थांबला की सोमशेखर बिनधास्त खटका दाबायचा. डोळ्यांचं काम त्यानं कानावर सोपवलं होतं. आता तोच कॅमेरा पिशवीत तुकडे होऊन आला होता. लेन्सा तेवढ्या वाचल्या होत्या.

त्याच आठवड्यात श्रीशैल हत्ताळे पत्रिका घेऊन आला.

होटगीच्या शाळेत एका बाकावर बसलेले हे दोघं. श्रीशैल एसटीच्या वर्कशॉपात लागला, सोमशेखर फोटोत गेला, पण रविवार सहसा चुकला नाही. मागच्या दिवाळीपासून श्रीशैलच्या पोटात दुखत होतं. बार्शीला दाखवून आले, तपासण्या झाल्या, आणि मग घरात कुणी त्या दुखण्याचं नाव घेईना. थोरली मुलगी शिवलीला, तिचं लग्न पुढल्या वर्षी करायचं ठरलेलं, ते घाईनं अलीकडं आणलं. का आणलं हे सगळ्यांना माहीत होतं.

श्रीशैल रिक्षातून उतरला तेव्हा सोमशेखरला आधी शर्ट ओळखू आला. आत माणूस आहे की नाही असा तो शर्ट लोंबत होता. खुर्चीत बसून त्यानं दम घेतला आणि पत्रिका पुढं केली.

“व्हिडिओ-बिडिओ काय नको, सोम्या. तू हायस, बास. पोरीचे चांगले काढ. आणि एक माझा तिच्याबरोबर. मोठा करण्यासारखा.” मग तो हसला. “तोच पुढं भिंतीला पण चालंल. दोन खर्च कशाला.”

“गप रे. काय बोलतोस पत्रिका द्यायला आल्यावर.”

“खोटं हाय काय? म्हातारी माणसं तुझ्याकडं चांगली येतात म्हणं. मी तर म्हातारा दिसायलोय आताच.”

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. कॅमेरा फुटलाय, डोळे अधू झालेत, दुसरा फोटोवाला बघू, मीच लावून देतो. जिवाभावाच्या मित्राला सांगायला यापेक्षा जास्त काही लागलं नसतं. राजेश्वरी चहाचे कप घेऊन दारात उभी राहून वाट बघत होती. सोमशेखर म्हणाला, “काळजी करू नको. नवा कॅमेरा घ्यायलोय मी.”

नव्या पेठेतल्या अनिलकुमारच्या दुकानात तो लग्नाच्या आदल्या दिवशी गेला. पोर्ट्रेटची लांब लेन्स पिशवीत होती. अनिलकुमारचा आणि त्याचा जुना परिचय. रोलच्या काळात अनिलकुमारचे वडील गल्ल्यावर बसायचे.

“अण्णा, आता डीएसएलआर कोण घेतंय?” अनिलकुमार म्हणाला. “सगळे मिररलेसकडं चाललेत. डोळ्यावर आपोआप फोकस धरतंय बघा ते.”

“लेन्सा हायत की माझ्याकडं. त्या फेकून देऊ काय?”

“मग हे दोनच उरले.” त्यानं काउंटरवर दोन कॅमेरे मांडले. एक लहान, हलका, नव्यानं शिकणारी कॉलेजची पोरं घेतात तो. दुसरा त्याच कंपनीचा, अंगानं भरलेला, किमतीनंही. “या लहानात मोटर नाही हां अण्णा. लेन्समध्ये स्वतःची मोटर पाहिजे, नाहीतर हातानं फिरवत बसावं लागेल. या मोठ्याच्या बॉडीत आहे, त्याला तुमचं जुनं काहीही चालेल. तुमची कुठली लेन्स आहे?”

सोमशेखरनं लेन्स काढून दिली.

“नावाच्या शेवटी अक्षरं असतात बघा, त्यावर कळतंय,” असं म्हणत अनिलकुमारनं ती हातात घेतली, तेवढ्यात चार-पाच पोरांचा घोळका ड्रोन बघायला आत आला. “बघा बरं अण्णा काय लिहिलंय,” म्हणून त्यानं लेन्स परत सोमशेखरच्या हातात दिली आणि पोरांकडं वळला.

सोमशेखरनं लेन्स दाराच्या उजेडात धरली. गोल कडेवर सोनेरी रंगाचा एक फराटा दिसत होता. त्याला माहीत होतं की तो फराटा म्हणजे अक्षरं आहेत. त्यानं लेन्स लांब धरली, जवळ धरली, कडेच्या नजरेनं बघायला मान वाकडी केली. पोरांपैकी एकजण त्याच्याकडं बघत होता. ही लेन्स त्यानं पुण्याच्या एका माणसाकडून घेतली होती, आणि तो माणूस मोटर, मोटर असं काहीतरी म्हणाला होता एवढं त्याला आठवलं. काय म्हणाला होता ते आठवेना.

“काय आहे अण्णा?” अनिलकुमारनं तिकडून विचारलं.

“हाय,” सोमशेखर म्हणाला. “मोटर हाय याला.”

“मग प्रश्नच मिटला. लहानच घ्या. ही कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स पण घेऊन ठेवा, हिला स्वतःची मोटर आहे. अडीअडचणीला होते.”

“ती नवशिक्यांची लेन्स. मला काय करायचीय?”

अनिलकुमारनं लेन्स बसवून दाखवली. खट् आवाज करून ती चपखल बसली. नव्या डब्यातली बॅटरी चार्ज नव्हती, म्हणून चालू करून बघता आलं नाही. “उद्या सकाळी सवडीनं या, सगळं सेटिंग करून देतो,” तो म्हणाला. उद्या तर लग्न होतं. सोमशेखरनं तसं सांगितलं, आणि तोऱ्यात हेही सांगितलं की मला काय सेटिंग शिकवतोस, तुझ्या बापाला विचार.

घरी आल्यावर त्यानं बॅटरी चार्जिंगला लावली. संध्याकाळी अंगणातून समोरच्या लिंबाचे दोन फोटो काढले आणि पडद्यावर बघितले. त्याला सगळंच धुरकट दिसायचं, हेही तसंच दिसलं. खर्रर्र आवाज आला नाही हे त्याच्या लक्षात आलं. नवे कॅमेरे आवाज करत नाहीत, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

“मी बघू काय जरा?” राजेश्वरीनं विचारलं. दुकानातल्या कंप्युटरवर अल्बम तीच लावायची.

“काय बघायचंय त्यात. झाड हाय.”

लग्न होटगी रोडवरच्या कार्यालयात होतं. सकाळी हळदीचे फोटो उन्हात, जुन्या रुंद लेन्सवर झाले, ते बरे गेले असावेत असं त्याला वाटलं. मग सगळे आत आले. आत पडदे सोडलेले, पिवळे दिवे, आणि स्टेजवर मागं फुलांची भिंत करून त्यावर थर्माकोलच्या मोठ्या अक्षरांत दोघांची नावं लावलेली. सोमशेखरनं पोर्ट्रेटची लेन्स लावली, बटण अर्धं दाबलं आणि सवयीनं कान दिला. काहीच नाही. त्यानं डाव्या हातानं लेन्स धरून पुन्हा दाबलं. हाताखाली लेन्स हलत नव्हती. ती थंडगार, मेल्यासारखी होती.

त्या घटकेला त्याला सगळं कळलं. लेन्सला मोटर नव्हती. अक्षता अजून व्हायच्या होत्या, लग्न लावणारे जंगमस्वामी अजून आसन मांडत होते, वेळ होता. रिक्षा करून नव्या पेठेत जाऊन ती किट लेन्स आणता आली असती. कुणाही पोराला हाक मारून मोबाइलवर काढायला सांगता आलं असतं. पण समोर श्रीशैल खुर्चीवर बसला होता, नवा सदरा, डोक्याला फेटा, कपाळाला विभूती, आणि तो सोमशेखरकडंच बघून हात हलवत होता.

सोमशेखरनं हातानं लेन्स फिरवायला सुरुवात केली. कधीकाळी सगळे तसेच काढायचे, तोही तसाच शिकला होता. तेव्हा डोळे शाबूत होते. आत कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो, नीट जुळलं की तो पेटतो, पण तो ठिपका त्याला कधी दिसल्यासारखा वाटे आणि कधी तो फुलांतला एखादा हिरवा दिवा असे. तो फिरवत राहिला, अंदाजानं थांबत राहिला, खटका दाबत राहिला. घाम चष्म्यावर उतरत होता.

अक्षता झाल्यावर श्रीशैलला दोघांनी धरून स्टेजवर आणलं आणि शिवलीलाशेजारी बसवलं. बसल्यावर त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

“काढ की रे,” तो म्हणाला. “का कानडीत सांगतोस हस म्हणून?”

आजूबाजूचे हसले. शिवलीला हसता हसता रडली. सोमशेखर एका गुडघ्यावर बसला, लेन्स फिरवली, दाबलं, पुन्हा फिरवली, दाबलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी मोबाइल घेऊन पुढं आलं तर श्रीशैलच त्याला म्हणाला, “बाजूला हो बाबा, त्याला काढू दे. मध्ये येऊ नको.” तो माणूस बाजूला झाला.

तासाभरानं श्रीशैलला घरी नेऊन निजवलं. तो जेवायलाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं कार्ड कंप्युटरला लावलं. सोमशेखर तिच्या मागं स्टुलावर बसला होता. ती एकेक फोटो पुढं सरकवत होती.

“कसे आलेत?”

“हळदीचे बरे हायत. थोडे.”

“आतले?”

माउसचा टिकटिक आवाज होत राहिला. मग थांबला.

“मागं नावाची पाटी हाय बघा,” राजेश्वरी म्हणाली. “ती एकदम स्वच्छ आलीय. फूलन् फूल मोजून घ्यावं. पुढली माणसं न्हाईत.”

“न्हाईत म्हणजे?”

“हायत. पण चेहरा न्हाय कुणाला. श्रीशैलअण्णांचे सगळे बघितले मी. फेटा कळतोय. हात कळतोय.” ती खुर्ची फिरवून त्याच्याकडं वळली. “आता तरी सांगा त्यांना. अण्णा हायत अजून. आपण घरी जाऊन काढू की, मी काढते पाहिजे तर. शिवलीलाला माहेरी बोलवून घेऊ.”

“काढू,” सोमशेखर म्हणाला. “नवी लेन्स आणतो आधी. मग जाऊ.”

लेन्स त्यानं आणली. तीच, जिला तो नवशिक्यांची म्हणाला होता. पण जायचं म्हणजे का आलो ते सांगायला लागणार होतं. आज जाऊ, उद्या जाऊ असं चाललं. एका सकाळी श्रीशैलच्या धाकट्या भावाचा फोन आला.

लिंगायत रिवाजाप्रमाणं श्रीशैलला बसवलं होतं. भिंतीला टेकून, मांडी घातलेली, अंगभर विभूती, गळ्यात हार, इष्टलिंग हातात दिलेलं. चेहरा इतका शांत होता की कुणी म्हणावं आता बोलेल. श्रीशैलची बायको मल्लव्वा त्याच्या पायाशी बसली होती. सोमशेखरला बघून ती ओरडली, “बघा की भाऊजी, तुमचा दोस्त कसा बसलाय बघा! फोटो काढायचाय म्हणून बसलाय!” सोमशेखर रिकाम्या हातानं आला होता. तो दारातच खाली बसला.

दिवसकार्य आटोपल्यावर शिवलीला दुकानात आली. सासर अक्कलकोटचं, परत जायच्या वाटेवर होती, पिशवी हातातच होती. हिरवा चुडा अजून होता.

“काका, अल्बमची घाई नाही. तो बाबांचा एक फोटो द्या फक्त, माझ्या डोक्यावर हात ठेवलेला. मोठा करून आईला द्यायचाय. दिवसकार्याला आधारकार्डावरचा मोठा करून लावला होता आम्ही. बाबांचा दुसरा चांगला फोटोच नाही घरात. त्यात ते चोरासारखे दिसतात हो.”

आत पडद्यामागं कंप्युटरवर ते सगळे फोटो होते. राजेश्वरी तिथंच बसली होती. सोमशेखरचे हात काउंटरवर होते, ते त्यानं खाली घेतले.

“पोरी, काय सांगू तुला,” तो म्हणाला. “कार्ड खराब झालं. नवा कॅमेरा होता. सगळं गेलं त्यातलं. हळदीचे तेवढे वाचले.”

शिवलीलानं पिशवी काउंटरवर ठेवली. मग म्हणाली, “परत नाही का आणता येत? दुकानं असतात, काढून देतात.”

“पुण्याला पाठवून बघितलं. न्हाय निघालं.”

राजेश्वरी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. शिवलीलानं तिच्याकडं बघितलं, काहीतरी आशेनं बघितलं असं राजेश्वरीला वाटलं. तिनं पाणी पुढं केलं आणि मान खाली घातली. पोर पाणी प्यायली, ‘येते काकू’ म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले ते भाकरीबद्दल.

पुढं सोमशेखर वर्ष-दीड वर्ष किट लेन्सवर काम करत राहिला. ती आपोआप फोकस धरायची, बारीक झुईं आवाज करायची, पण कार्यालयातल्या मंद उजेडात फोटो काळवंडायचे, आणि फ्लॅश मारला की माणसं पिठात बुडवल्यासारखी यायची. राजेश्वरी बरोबर जायला लागली. कानाशी सांगायची, नवरीची आजी डावीकडं, आता उठली, आता हसली. आता हसली म्हणेपर्यंत हसून झालेलं असायचं. गिऱ्हाईक आपोआप कमी झालं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, फक्त पुढल्या पोराच्या लग्नाला दुसऱ्याला सांगितलं.

मग एक दिवस दुकानात एका मुलीचा परीक्षेच्या फॉर्मचा फोटो काढताना त्याच्या उजव्या डोळ्यात वरून काळ्या दोऱ्या उतरायला लागल्या. शाई पाण्यात सोडावी तशा त्या पसरल्या. “हनुवटी जरा वर घे,” असं तो म्हणाला, आणि मग त्याला ती मुलगी दिसेनाशी झाली. आत रक्त उतरलंय, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. डावा डोळा आधीच गेल्यातला होता. घरी आला तेव्हा दारात कुणी उभं आहे एवढं कळायचं, कोण आहे ते नाही.

शिवयोगी पुण्याहून आला, रागावला, रडला, दुकान विका म्हणाला. राजेश्वरीनं ऐकलं नाही. कॅमेरा तिनं तीन पायांच्या तिकाटण्यावर पक्का बसवला, पुढं स्टूल ठेवलं आणि पासपोर्टचे, फॉर्मचे फोटो ती काढायला लागली. सोमशेखर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचा. लेन्सचा झुईं आवाज झाला की त्याचं बोट मांडीवर दाबलं जायचं. राजेश्वरीनं ते बघून न बघितल्यासारखं केलं.

एक दिवस तो आपण होऊन म्हणाला, “अक्कलकोटला जाऊ.”

“स्वामींच्या मठात?”

“शिवलीलाकडं. ते फोटो हायत न्हवं अजून?”

ते होते. तिनं कधीच पुसले नव्हते. हात ठेवलेला एक फोटो तिनं छापून घेतला आणि दोघं एसटीनं गेली.

शिवलीलाचं घर बसस्टँडच्या मागं, दोन खोल्यांचं. कडेवर मूल होतं. तिनं सोमशेखरला हाताला धरून बसवलं. कुणी आंधळा झाला की लोक जसं जोरात बोलतात तसं ती बोलली नाही. चहा दिला. मग राजेश्वरीनं पिशवीतून फोटो काढून तिच्या हातात दिला. सोमशेखरला कागदाचा आवाज ऐकू आला.

“कार्ड खराब झालं न्हवतं,” तो म्हणाला. “मला दिसत न्हवतं तेव्हाच. लेन्सचं पण चुकलं माझं. हे असले आले म्हणून तुला खोटं सांगितलं.”

मूल काहीतरी बडबडलं. शिवलीलानं त्याला खाली सोडलं.

“हात बाबांचाच आहे,” ती म्हणाली. “अंगठ्याला काळा ठिपका आहे बघा काकू, ते वर्कशॉपात पाना लागलेलं नख.” मग ती सोमशेखरकडं वळली. आवाज चढला नव्हता. “काका, दिसत नाही एवढं तेव्हा म्हणाला असतात तर मीच मोबाइलवर काढला असता हो. बाबा तिथंच बसले होते. एक दादा पुढं आला होता, त्याला बाबांनीच मागं सरकवलं, तुमच्यासाठी. आणि नंतरही ते होते की घरी. मी रोज फोन करत होते. कुणी म्हणालं असतं तर दुसऱ्या दिवशी आले असते.”

“व्हय,” सोमशेखर म्हणाला.

“आईला काय सांगू मी आता? फोटो गेले म्हणून ती रडून बसली एकदा. आता होते म्हणून सांगू?”

शिवलीलानं फोटो परत केला नाही. कुठं ठेवला तेही सोमशेखरला कळलं नाही, कपाटाचं दार वाजलं एवढंच. निघताना तिनं राजेश्वरीला हळदीकुंकू लावलं. त्याला म्हणाली, “पायरी आहे काका, सांभाळून,” आणि पायरी संपेपर्यंत कोपर धरून राहिली. ‘परत या’ असं मात्र म्हणाली नाही.

एसटीत खिडकीतून गरम वारा येत होता. वळसंग गेल्यावर सोमशेखरनं विचारलं, “फोटोत तो हसत होता काय गं? मी हस म्हटलं न्हवतं त्याला. विसरलो.”

राजेश्वरीला तो फोटो पाठ होता. फेट्याखाली जिथं तोंड असायचं तिथं गव्हाच्या रंगाचा एक पट्टा होता, आणि मागं शिवलीलाचं नाव.

“कळत न्हाय,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. बसमध्ये गर्दी झाली तेव्हा तिनं त्याची काठी उचलून आपल्या मांडीवर आडवी घेतली.